मदत हवी: रेल्वेच्या वेगाचं शाब्दिक उदाहरण, अवयव पडत नाहीत

प्रश्न
नमस्कार. दहावी, वर्गसमीकरणांवरचं उदाहरण आहे.

'एक रेल्वेगाडी १९२ किमी अंतर एकसमान वेगाने कापते. वेग ताशी ४ किमीने जास्त असता, तर तेच अंतर कापायला १२ मिनिटे कमी लागली असती. गाडीचा मूळ वेग काढा.'

मूळ वेग क्ष मानून मांडणी केली:
१९२/क्ष − १९२/(क्ष + ४) = १२

यातून क्ष² + ४क्ष − ६४ = ० येतं. फरक ४ असलेले ६४चे अवयव मिळत नाहीत. सूत्राने क्ष = −२ + √६८. चूक कुठे होतेय?

उत्तर १
डावी बाजू अगदी बरोबर आहे. गडबड उजवीकडच्या १२मध्ये आहे. अंतर किमीत आणि वेग ताशी किमीत, म्हणजे भागाकारातून येणारा वेळ तासांतच येणार. तिथे मिनिटं चालणार नाहीत. १२ मिनिटे = १२/६० = १/५ तास.

तुमच्या उत्तराची किंमत काढून पाहा. √६८ साधारण ८.२५, म्हणजे गाडीचा वेग ताशी ६.२५ किमी. एवढा तर भरभर चालणारा माणूस जातो! त्या वेगाने १९२ किमीला सुमारे ३०.७ तास लागतील, वेग ४ने वाढवला की १८.७. फरक १२ तासांचा. म्हणजे तुम्ही '१२ तास कमी लागले असते' हे उदाहरण सोडवलंत, आणि तेही बिनचूक.

आता दुरुस्ती:
१९२ × ४ / क्ष(क्ष + ४) = १/५
क्ष² + ४क्ष = ७६८ × ५ = ३८४०

अवयवांसाठी १, २, ३ पासून सुरुवात करू नका. ३८४०चं वर्गमूळ ६२च्या जवळ आहे. फरक ४ हवा, म्हणून ६२च्या दोन्ही बाजूंना २-२ सरका: ६० आणि ६४. गुणाकार ३८४०, जमलं.
(क्ष + ६४)(क्ष − ६०) = ०

वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = ६०. मूळ वेग ताशी ६० किमी.

ताळा: १९२ ÷ ६० = ३.२ तास, १९२ ÷ ६४ = ३ तास. इथे ३.२ तास म्हणजे ३ तास १२ मिनिटे. पुष्कळ मुलं ३ तास २० मिनिटे वाचतात आणि बरोबर उत्तर खोडून टाकतात.

उत्तर २
वजाबाकीचा क्रमही जपा. कमी वेगाचा वेळ जास्त असतो, तोच आधी लिहायचा. उलट लिहिलंत तर क्ष² + ४क्ष + ३८४० = ० येईल आणि त्याला वास्तव मुळंच नाहीत.

वेळ अज्ञात मानूनही सुटतं: ५ट² − ट − ४८ = ०, ट = १६/५ तास. पण विचारलाय वेग, तेव्हा वेगच क्ष मानावा. एक पायरी वाचते.

प्रश्नकर्ता
कळलं, आभारी आहे. आणखी एक: जाताना ताशी ४०, त्याच रस्त्याने येताना ६०. सरासरी ५० का नाही? उत्तर ४८ दिलंय.

उत्तर १
एका बाजूचं अंतर १२० किमी धरा, ४० आणि ६०चा लसावि. जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किमी, ५ तास, म्हणून ४८. कमी वेगात जास्त वेळ गेला, त्यामुळे सरासरी ४०कडे झुकते. दोन्ही वेगांनी सारखाच *वेळ* प्रवास झाला असता, तर ५० बरोबर होतं.