मदत हवी आहे: जुन्या थारला मागचा डिफरेन्शियल लॉक बसवावा का? (पांढरकवडा-झरी भागातल्या पांदणींसाठी)

नमस्कार मंडळी,

मी पशुवैद्यक आहे. पांढरकवड्याला राहते आणि केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांतल्या गावांत नि कोलाम पोडांवर (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर) जनावरं तपासायला जाते. गाडी २०१३ ची महिंद्रा थार सीआरडीई, फोर बाय फोर. २०१५ च्या बदलानंतर थारला मागे मेकॅनिकल लॉक मिळू लागला, माझी गाडी त्याआधीची. डिफरेन्शियल म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, आणि लॉक म्हणजे ती दोन्ही चाकं एकत्र बांधणारी सोय. माझ्या गाडीचे पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरेन्शियल उघडे, म्हणजे बिनलॉकचे.

उन्हाळाभर काही अडत नाही. मृग लागला की अडतं. फऱ्या, घटसर्प याच दिवसांत येतात, आणि अडलेली गाय उघाडीची वाट पाहत नाही. पोडावरच्या माणसाकडे दोनच बैल असतात. त्यातला एक पेरणीच्या तोंडावर गेला तर त्याचं अख्खं वर्ष जातं. म्हणून गाडी नाल्याच्या अलीकडे लावून पेटी डोक्यावर घेऊन चालत जाणं हा उपाय मी करतेच, पण सलाईनच्या बाटल्या आणि वेताची अवजारं घेऊन दर वेळी ते जमत नाही.

गाडी तीन तऱ्हेने फसते. तिन्ही नीट सांगते, कारण माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर तिथेच आहे.

पहिली, नाल्याचा तिरपा उतार. खाली मुरूम आणि दगड, जमीन चांगली कडक. गाडी तिरपी उतरली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हलकं होतं. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असल्यामुळे चाक फारसं खाली जात नाही, सरळ उचललंच जातं. मग फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) असूनही ती दोन चाकं गरगर फिरतात आणि जमिनीला घट्ट टेकलेली दोन चाकं ढिम्म उभी राहतात.

दुसरी, काळ्या मातीची पांदण. ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मध्ये उंचवटा. गाडीचं पोट त्यावर बसतं आणि चारही चाकं चिखल कालवत राहतात.

तिसरी, धुऱ्याकाठची एका बाजूला कललेली वाट. इथे गाडी अडकत नाही, पण हळूहळू खालच्या अंगाला, पऱ्हाटीच्या वावराकडे घसरत जाते.

एका गॅरेजवाल्यांनी सुचवलं की मागचा डिफरेन्शियल वेल्ड करून टाका, स्वस्तात काम होईल. दुसऱ्या एकांनी सांगितलं की हँडब्रेक थोडा ओढून गॅस द्या, लॉकची गरजच नाही. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्ही लॉक कंपनीतूनच येतात हे ठाऊक आहे, पण गाडी बदलणं सध्या शक्य नाही.

तर प्रश्न असे: लॉकने या तिन्हींपैकी नेमकं काय सुटेल? आपोआप लागणारा घ्यावा की बटणाचा? माझं निम्मं फिरणं हायवे ४४ वर आहे, तिथे पावसात त्रास होईल का? आणि वेल्डिंगबद्दल खरं काय ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही फसण्याच्या जागा वेगळ्या करून सांगितल्यात, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. पहिल्या जागेवर लॉक हाच इलाज आहे. दुसऱ्या जागेवर त्याचा फारसा उपयोग नाही. तिसऱ्या जागेवर तो लागलेला असेल तर नुकसान करेल.

उघडा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो. अधांतरी चाक फिरवायला जवळजवळ शून्य जोर लागतो, म्हणून टेकलेल्या चाकालाही तेवढाच मिळतो. गॅस कितीही द्या, उचललेलं चाक जोरात फिरेल, बस्स. फोर-लोमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल (चाकांच्या जोडीचा आस) एकमेकांशी जोडला जातो, पण प्रत्येक एक्सलचं डावं-उजवं मोकळंच राहतं. लॉक लागला की मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि टेकलेलं चाक गाडी ढकलतं.

पांदणीत पोट टेकलं असेल तर गाडीचं वजनच चाकांवर नसतं. लॉक पकड वाटून देत नाही, असलेली पकड वापरतो. तिथे टायर, उंची आणि चाकोरी सोडून चालवणं हेच कामाचं. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीच्या बाहेर ठेवून पाहा. आणि जमलं तर भर पावसात किंवा पूर्ण उघाड मिळाल्यावर जा. काळी माती अर्धवट सुकत असते तेव्हा सगळ्यात चिवट. टायरच्या खाचा भरतात आणि चाक गुळगुळीत होतं.

कललेल्या वाटेचं मात्र जपा. उघड्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक घसरून फिरलं तरी दुसरं शांत असतं आणि तेच गाडीला बाजूला सरकू देत नाही. लॉकमध्ये दोन्ही चाकं एकदम सुटली की मागचा भाग थेट उताराकडे जातो. म्हणून तुम्हाला हवा तेव्हा लागणारा आणि हवा तेव्हा सुटणाराच लॉक हवा.

प्रतिसाद २

डॉक्टर ताई, आमी कास्तकार मानसं, गाडीचं जास्त नाई समजत. पन ट्रॅक्टरले लॉक असतेच. उजव्या टाचेखाली पेडल राह्यते. त्याचा नियम एकच हाय, चाक घुमाले लागाच्या आंधी दाबा आन् सरळ काढा. लॉक दाबून स्टेअरिंग मोडाचं नाई. टॅक्टर वळतच नाई, सामनेच जाते, आन् जोर सारा आतल्या गेरीवर येते. चाक जोरात घुमत असतानी दाबलं त टुटते.

ह्यांडब्रेकचं म्हनाल त ट्रॅक्टरले डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक अलग असतात. घुमत्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबला का दुसरं चाक वढते. तुमच्या गाडीत तसं हाय का?

प्रतिसाद १

दादांनी नेमकं बोट ठेवलं. थारचा हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना सारखाच लागतो. फिरणारं चाक धरल्यामुळे पलीकडच्या चाकाला जादा टॉर्क जातो हे खरं, पण त्या चाकाचाही ब्रेक तेवढाच लागलेला असतो, म्हणून फार काही हाती येत नाही. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर एकट्या फिरत्या चाकाला ब्रेक लावतो, ती गोष्ट वेगळी.

वेल्डिंग करू नका. ते कायमचं लॉक झालं. डांबरी रस्त्यावर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. वेल्ड केलेल्या एक्सलमध्ये ते होत नाही, म्हणून टायर घासतात आणि हाफ शाफ्टवर (डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) पीळ बसतो. ओल्या हायवेवर गाडी वळायलाच कुरकुरेल. रात्री-अपरात्री एकट्या फिरणाऱ्या माणसाच्या गाडीत तर हे नकोच.

प्रतिसाद ३

माझ्याकडे २०१६ ची थार आहे, कंपनीचा मागचा लॉक असलेली. वणी भागात चालवतो. हा लॉक ईटनच्या बनावटीचा. यात बटण नसतं. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, खिट्टी अडकते आणि क्लच प्लेट दाबल्या जाऊन एक्सल लॉक होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वर गेलात की तो लागतच नाही, त्यामुळे हायवेची चिंता नाही.

पण १०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला दीडहून जास्त. लोक चाक फिरताना पाहून घाबरतात, गॅस सोडतात आणि म्हणतात लॉक चालत नाही. गॅस स्थिर धरायचा, 'खट्ट' आवाज येतो आणि गाडी सरकते. त्या क्षणी झटका बसतो, दगडांत तेवढं लक्षात ठेवायचं. आणि तुमच्या त्या कललेल्या वाटेवर तो तुम्हाला न विचारता लागेल, हा त्याचा दोष मी मान्य करतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ट्रॅक्टरचा नियम तर लिहूनच ठेवला.

आता चित्र स्पष्ट झालं. माझा खरा अडसर नाल्याचा उतार आहे, कारण तिथे अडकलं की वरून पाणी यायची भीती असते. पांदणीत फसले तर गावातून बैलजोडी येते, तुराट्या-पऱ्हाट्या चाकाखाली घालून माणसं काढतात. म्हणजे बटण दाबलं की हवेच्या दाबाने लागणारा एअर लॉकर माझ्या कामाचा, कारण बटण बंद असलं की एक्सल नेहमीसारखा उघडा. महाग पडेल, पण कललेली वाट टाळता येत नाही.

एकच शंका उरली. यवतमाळात भंगारात २०१५ नंतरच्या थारचा लॉकसकट अख्खा मागचा एक्सल मिळतोय, एअर लॉकरपेक्षा बराच स्वस्त. तो बसवून भागेल का?

प्रतिसाद ३

नाल्यासाठी भागेल, पण कललेल्या वाटेवर तो न विचारता लागेल हे आहेच. आणि पैसे देण्याआधी क्राउन-पिनियनचे (डिफरेन्शियलमधल्या दोन मुख्य गिअरांचे) दात मोजून घ्या. मागचा रेशो (दातांचं प्रमाण) पुढच्यापेक्षा वेगळा निघाला तर फोर बाय फोर लावल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना जोर वाटणारी पेटी) जाईल. हाफ शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरच्या खाचा) आणि ब्रेक ड्रमही जुळवून पाहा. एअर लॉकर घेणार असाल तरी रेशो आणि स्प्लाइन हे दोन आकडे विक्रेता आधी विचारेलच, म्हणून तुमच्या एक्सलचे आजच काढून ठेवा. वणीकडे कधी येणं झालं तर माझी गाडी जॅकवर घेऊन लॉक कसा लागतो ते दाखवतो.

धागाकर्ती

येत्या आठवड्यात मारेगावला लसीकरण आहे, तिथून वणी जवळच. व्यक्तिगत निरोप पाठवते. दात मोजले की आकडे इथेच टाकेन.