आजोबांच्या ट्रंकेतली जुनी अमेरिकन बर्लेस्क मासिकं: कशी टिकवायची?

माडवाडी (गुहागर): आजोबा मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होते, न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आलेले. गणपतीआधी पोटमाळा झाडताना त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तर तळाशी 'ब्यूटी परेड', 'टिटर', 'विंक' अशी मासिकं निघाली. मुखपृष्ठावर रंगवलेल्या हसऱ्या मुली. आत काळेपांढरे फोटो, पिसांचे पंखे, जाळीचे मोजे, रंगमंचावरच्या नर्तकी.

काका म्हणतात, पाणचुलीत घाल आणि मोकळी हो. मला ते अजिबात पटत नाही. काही फोटोंखाली त्या बायकांची नावं छापली आहेत. पोटासाठी रोज रात्री रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बायका या, त्यांचं नाव मी चुलीत घालणार नाही.

ही नेमकी कसली मासिकं? आणि आमच्या हवेत ती जगवायची कशी? कडा तुटतायत, पिना गंजल्यात.

जुनी_छपाई: ताई, जाळू नका. तिन्ही न्यूयॉर्कचे प्रकाशक रॉबर्ट हॅरिसन यांची. 'ब्यूटी परेड' १९४१ला निघालं. मुखपृष्ठं बरीचशी चित्रकार पीटर ड्रिबेनने रंगवलेली, सही शोधा. १९३७ साली महापौर ला गार्डियांच्या कारकिर्दीत न्यूयॉर्कच्या बर्लेस्क (नाच आणि विनोदाचे रंगमंचीय खेळ) थिएटरांचे परवाने अडवले गेले, ही मासिकं त्यानंतरची.

बर्लेस्क म्हणजे नुसतं कपडे उतरवणं नव्हे. नाचांच्या मध्ये विनोदी जोड्यांची प्रहसनं व्हायची, तमाशात बतावणी असते तशी. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी तिथूनच पुढे सिनेमात गेली. हॅरिसनच्या फोटोकथांमधला धांदलीचा विनोद त्याच घराण्यातला. १९५०नंतरचे अंक असतील तर मॉडेल बेटी पेज दिसते का बघा: काळे केस, कपाळावर सरळ कापलेली झुलपं. १९५३च्या डिसेंबरात 'प्लेबॉय' आलं आणि थोड्याच वर्षांत हॅरिसनची ही मासिकं संपली.

पोथीबांधणी (रत्नागिरी): मी दप्तरं, पोथ्या बांधतो. हा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो उजेडात पिवळा पडतो, आम्ल वाढून ठिसूळ होतो. झालेलं नुकसान भरून निघत नाही, पण पुढचं लांबवता येतं.

आधी ट्रंक सोडा. लोखंडाला पावसात आतून घाम येतो. पिना ओढू नका. मधलं पान उघडून पिनेचे पाय सरळ करा, मग हलकेच काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा घाला. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. पोथ्यांना ऊन दाखवायची आपली सवय इथे घात करेल, सावलीत वाऱ्यावरच ठेवा. कसर दिसली तर अंक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे २० अंशांवर, आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी दुसऱ्या दिवशीच उघडायची, नाहीतर कागदावर दव धरतं.

नंतर आम्लरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवे, सोबत ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल. रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. खोकं चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते.

दापोलीकर: काकांना सांग, आपल्या मुरूडच्या कर्व्यांपैकी र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ लैंगिक शिक्षणाचं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, नग्न चित्रांसकट. खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. तरी दंड झालाच. आज ते अंक अभ्यासायला मिळतात ते कुणीतरी घरात जपले म्हणून. विकायचं मनात आलं तर मात्र आधी वकिलाला विचार. अश्लील ठरणारं साहित्य विकणं किंवा विक्रीसाठी बाळगणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४मध्ये येतं.

माडवाडी: विकायचं नाहीच. ड्रिबेनची सही सापडली! आता नर्तकींच्या नावांची वही करतेय: नाव, छापलं असेल तर थिएटर, शहर. आजोबा कुठल्या बंदरात उतरले ते त्यांच्या खलाशी पुस्तिकेत आहे, तेही जुळवून बघणार. पोथीबांधणी काका, पानांची प्रत हवी आहे, स्कॅनरवर ठेवू का?

पोथीबांधणी (रत्नागिरी): दाबलं की मधली घडी फाटेल. अंक अर्धाच उघडा, खाली उशी द्या आणि वरून मोबाइलने फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा.