कपाटात गेलेला कॅमेरा बाहेर कसा काढायचा?

चतकोर:
नमस्कार मंडळी. वय ३८, मुक्काम कोथरूड. दोन वर्षांपूर्वी हौसेनं डीएसएलआर घेतला, सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स. पहिले चार महिने सिंहगड, पर्वती, पाताळेश्वर, जाईन तिथे गळ्यात. मग गेला कपाटात. परवा काढला तर बॅटरी मेलेली आणि पट्ट्याला बुरशी. नवरा म्हणतो, विकून टाक, निदान मिक्सर तरी येईल. पण गेल्या महिन्यात बालगंधर्वच्या कलादालनात एक प्रदर्शन बघितलं आणि पुन्हा खाज सुटली. ज्यांचा हा नाद वर्षानुवर्षं टिकलाय त्यांनी सांगा, टिकला कसा? मोठी लेन्स घेतली तर फरक पडेल का? (क्लास लावा म्हणू नका, लावून झालाय.)

लांबभिंग:
पडतो की! मी ७०-३०० घेतली, लांबचं जवळ आणणारी, आणि कवडीपाटला जायला लागलो. सोलापूर रस्त्यानं हडपसरच्या पुढे. थंडीत पहाटे नदीवर धुकं आणि त्यात चक्रवाकांच्या जोड्या. नदीच्या वासाची सवय होते. नऊच्या आत घरी.

हायपोकाका:
लेन्स घेऊ नका. आधी बुरशीचं बघा. पट्ट्याला आलीय म्हणजे भिंगातही असू शकते. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं मारून दुसऱ्या बाजूनं डोकवा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. नसतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाट म्हणजे बुरशीचं माहेर.

आता मूळ प्रश्न. मी १९७९ साली जुना आग्फा क्लिक-३ घेतला. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो. पगार असा की महिन्याला एकच रोल परवडायचा. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद, आत लाल दिवा नि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा वास, आणि दाराबाहेर बादली घेऊन ताटकळलेली आई. बाराच फोटो म्हटल्यावर गावभर हिंडून चालत नाही, म्हणून एकच ठिकाण धरलं: मंडई. १८८६ सालची ती दगडी इमारत. दर रविवारी सकाळी, अजूनही.

पहिली काही वर्षं मी नुसते चेहरे काढायचो. सुरकुत्या, नथ. पुढे चांगला कॅमेरा आला, ५० ची लेन्स आली, मग तर एफ १.८ शिवाय बोलणंच नाही, म्हणजे भिंगाचं तोंड सताड उघडं, चेहरा स्पष्ट आणि बाकी सगळं धूसर. एका आजींचा असाच फोटो काढला, मोठा छापून नेऊन दिला. त्यांनी ओल्या हातानंच धरला, लांब करून बघितला आणि म्हणाल्या, "माझं थोबाड काय बघायचंय? वांगी कुठं गेली?"

वांगी धूसर झाली होती. पहाटे पाऊण तास बसून त्यांनी तो ढीग लावलेला, सगळे देठ एका बाजूला, काटेरी खालच्या थरात, तुकतुकीत वर. आणि मी त्याचा जांभळा चिखल केला होता. पुढच्या रविवारी एफ ८ वर काढला, म्हणजे तोंड बारीक करून, कॅमेरा गाळ्याच्या कडेला टेकवून, शटर १/१५ सेकंद. आजी आणि वांगी दोन्ही आली. तेव्हापासून मी आधी माल बघतो, मग माणूस.

तुम्हाला फुकटचा उपाय सांगतो. १८-५५ ची रिंग ३५ वर आणा आणि चिकटपट्टी लावून टाका. झूम बंद. पुढे-मागे व्हायचं ते पायांनी. आत अंधार असतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ३२०० लावायला लाजू नका. आणि महिन्याला एक तरी फोटो छापून ज्याचा त्याला नेऊन द्या. फोटो दिला की पुढच्या वेळी माणूस ओळखतो, मग न जाऊन चालत नाही. माझा नाद त्या भिडेपोटी टिकलाय.

उंटावरून:
जन्मभर टिकलाच पाहिजे हा हट्ट कशाला? होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, १९७० मध्ये काम थांबवलं ते थांबवलंच. २०११ ला पद्मविभूषण मिळालं, पण कॅमेऱ्याकडे परत वळल्या नाहीत. विका आणि मिक्सर घ्या.

हायपोकाका:
त्यांनी आधी तीसेक वर्षं फोटो काढले होते हो. या बाईंचे चारच महिने झालेत.

चतकोर:
तीन आठवड्यांनी येतेय. भिंगात धागे नाहीत, हुश्श. पट्टी लावली, ३५ वर. मंडईत दोन रविवार गेले. पहिल्या दिवशी ६१ फोटो, त्यातले ५८ टाकाऊ. सारखा हात झूमकडे जात होता. एका मावशींनी विचारलं, "ताई, घेणार का नुसतंच काढणार?" मेथीच्या दोन जुड्या आणि पावशेर गवार घेऊन आले, नवरा खूश. पण त्यांच्या तराजूचा एक फोटो जमलाय, पारडं अजून हलतंय आणि मावशी माझ्याकडे नाही, काट्याकडे बघतायत. तो या रविवारी त्यांना द्यायचाय. मॅट छापू की ग्लॉसी?

हायपोकाका:
मॅट. ग्लॉसीवर ओल्या हाताचे ठसे उठतात.