घरी चार्जिंग स्वस्त म्हणता, पण वरचा स्लॅब कोण मोजणार?

कोथरूड_ईव्ही
जिकडे जावं तिकडे एकच ऐकतोय, इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) घरी चार्ज करा, किलोमीटरला रुपया पडतो. हे शोरूममधलं गणित आहे आणि महावितरणच्या घरगुती बिलावर ते बसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत वेगळा दर, मग ५०० पर्यंत अजून चढा, वर १६ टक्के वीज शुल्क. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन धरून घरातच अडीचशे युनिट जातात, म्हणजे स्वस्त स्लॅब घरानेच संपवलेला असतो आणि गाडीचे युनिट थेट वर जाऊन बसतात. लोक मात्र बिलाला युनिटने भागून सरासरी दर सांगतात, तिथेच सगळं चुकतं.

महिन्याला १००० किमी, युनिटला ७ किमी धरा, म्हणजे बॅटरीत १४३ युनिट. घरी गाडीतला चार्जर करंट बदलून घेताना दहा-बारा टक्के वाया घालवतो आणि ते आपल्याच मीटरवर पडतात, तेव्हा १६० धरा. घरचे अडीचशे धरून ३०० भरेपर्यंतचे ५० युनिट तेरा रुपयांच्या आसपास, उरलेले ११० वरच्या स्लॅबमध्ये सतराच्या आसपास. झाले २५२० रुपये. बाहेर फास्ट चार्जरला जीएसटीसकट युनिटला २२ रुपये धरला तर ३१४६, कारण तिथे साधारण गाडीत गेलेलेच युनिट मोजतात. फरक सव्वासहाशेचा, आणि त्यासाठी वॉलबॉक्स म्हणजे भिंतीवरचा चार्जर बसवायचा, नवीन वायरिंग करायचं, मीटरचा मंजूर भार वाढवायचा?

नाशिकची_गाडीवाली
दादा, स्लॅबचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण पुढचं अजिबात पटलं नाही. वॉलबॉक्स पाहिजेच कशाला? १५ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग नीट आणि वेगळी एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) एवढं असलं की रात्री आठ तासांत रोजचं शहरातलं फिरणं निघून वर उरतं. आणि बाहेरचा २२ हा भाव तुम्ही सगळीकडे मिळतो असा धरलाय, हायवेला कितीतरी ठिकाणी त्याच्या वर आहे. १८ टक्के जीएसटी तुम्ही २२ मध्ये धरलात, पण प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये आपले दोनशे-पाचशे अडकलेले, गाडी फुल झाल्यावर काढायला उशीर झाला तर काही ठिकाणी त्याचाही दंड. हे का नाही धरलं हिशोबात? आणि सव्वासहाशे म्हणजे वर्षाला साडेसात हजार होतात, ते सोडायचे का?

छतावरचा_सूर्य
वरच्या स्लॅबमुळेच तर सोलारचा फायदा दुप्पट होतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावर तयार झालेली वीज बिलातून वजा होते तेव्हा, जे युनिट वजा होतात ते तुमचे सगळ्यात महागडे युनिट असतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. गाडी घेणाऱ्याने आधी छत बघावं, मग चार्जिंगचा दर बघावा.

कोथरूड_ईव्ही
छत कोणाचं पण? बंगलेवाल्यांना ठीक आहे. फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची, भाड्याने राहणाऱ्याला तर विचारूच नका. पुण्या-ठाण्यात गाड्या घेणारे बहुतेक फ्लॅटवालेच आहेत, त्यांना सोलार सांगून काय उपयोग.

बी_विंग_सेक्रेटरी
सोसायटीत काय चालतं ते सांगतो. आमच्याकडे आधी प्रत्येकाने आपापल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल ओढली. भिंतीवर कुलूपवाले डबे, पाचव्या मजल्यावरून खाली लोंबणाऱ्या केबली, आणि केबलीचाच खर्च गाडीच्या विम्याएवढा. एनओसीवरून दोन सभा भांडणात गेल्या. शेवटी सोसायटीच्या नावाने चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र कनेक्शन घेतलं. वीज नियामक आयोगाने ईव्ही चार्जिंगची वर्गवारीच वेगळी ठेवलीय, तिथे घरगुती स्लॅब नाहीत. लक्षात घ्या, स्वतःच्या घरच्या मीटरवर गाडी लावली तर घरगुतीच दर लागतो. आता प्रत्येक गाडीला सबमीटर, महिन्याच्या एक तारखेला वॉचमन आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकतो, तेवढंच वसूल. कोथरूडवाल्यांचं निम्मं गाऱ्हाणं इथेच मिटतं, फक्त कमिटीने मनावर घ्यायला हवं.

कॅबवाला_पिंपरी
सगळे पार्किंगवाले बोलतायत म्हणून लिहितो. आमची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते, चाळीत चौदा घरांना मिळून एक बोळ आहे, तिथे सॉकेट कुठून आणू? दिवसाला दोनशे किमी, सगळं फास्ट चार्जरवर. त्यातही पाऊण तास रांगेत उभं राहिलो की एक एअरपोर्टची ट्रिप गेली, तो खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. सरकारने द्रुतगती मार्गाचा आणि अटल सेतूचा टोल ईव्हीला माफ केला, चांगलं केलं, पण ज्याला घरी चार्ज करताच येत नाही त्याच्याकडून युनिटमागे १८ टक्के घेता आणि बंगल्यात लावणाऱ्याकडून जीएसटी शून्य, हे कसं बरोबर?

नाशिकची_गाडीवाली
भाऊ, हा मुद्दा मात्र पटला. घरगुती विजेवर जीएसटी नाही आणि तीच वीज बाहेरच्या चार्जरच्या गनमधून आली की सेवा धरून १८ टक्के, हे कमी व्हायलाच हवं. तरी ज्याच्याकडे सॉकेट आहे त्याने बाहेर का जावं हे कोथरूडवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही.

कोथरूड_ईव्ही
बाहेरच जा असं मी म्हणतच नाहीये ताई. किलोमीटरला रुपया सांगून गाडी विकू नका, अडीच सांगा. पेट्रोलला सात पडतात, अडीच सांगितले तरी लोक घेतीलच की.