‘चौकोनी भोक’ पाडायचं, मारायचं की कोरायचं?

सूचनापत्रक: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपसाठी कामाच्या सूचना मराठीत करतोय. १० मिमी जाड पोलादी पट्टीत १० बाय १० चं आरपार भोक, आधी ड्रिल, मग ब्रोच (भोकात दाबून त्याला चौरस आकार देणारं धारदार हत्यार). मी लिहिलं, "चौरस छिद्र वेधावे." तपासणाऱ्यानं दोन शेरे मारले: वेधतात ते बाणानं, आणि ड्रिलनं चौरस भोक होतच नाही. मग क्रियापद कुठलं? आणि फिरताना किंचित डुलणाऱ्या ब्रोचला काय म्हणायचं?

लेथवाला: होल मारणे. विषय संपला की ओ. छिद्र म्हटलं की माणूस बर्नरचं बारीक भोक शोधायला लागतो.

शब्दवेडी: भोक पाडतात. खिळा मारतात. भोक कसं मारणार?

लेथवाला: गाठ मारतात, रंग मारतात, टाके मारतात. तिथं कुणाला लागतं?

तिकोनी_कानस: पाडणं-मारणं गोल भोकापुरतं ठीक. ९.५ चं ड्रिल मारलं तर १० बाय १० मधला जेमतेम ७१ टक्के धातू निघतो. उरलेला कोपऱ्यांत. हातानं करायचं तर आधी सुईनं चौकट आखून घ्या, चौकोनी कानशीनं बाजू घासा, कोपरे तिकोनी कानशीनं. कानशीची एक बाजू ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्या, नाहीतर कोपरा साफ करताना शेजारची भिंत खाल्ली जाते आणि भोक शंकरपाळ्यासारखं होतं. या कामाला शब्द आहेच: कोपरे काढणे.

अडीचवाटी: "ड्रिलनं होतच नाही" हे चूक. हॅरी वॉट्सचं अमेरिकन पेटंट १९१७ चं आहे. रूलोच्या फुगीर त्रिकोणावर (कसाही फिरवला तरी रुंदी सारखीच) बेतलेलं तीन धारांचं ड्रिल, वर चौरस खिडकीची गाइड प्लेट आणि आडवं सरकू देणारा चक, म्हणजे ड्रिल पकडणारा भाग. ड्रिलचा मध्य जागेवर राहत नाही. १० मिमीच्या चौरसात तो केंद्रापासून पाऊण मिमी बाजूला जात फिरतो. साध्या चकात पकडलं तर गोलच भोक पडणार. निव्वळ रूलो त्रिकोण फिरताना चौरसाचा ९८.७७ टक्के भाग व्यापतो, कोपरे किंचित गोल राहतात. म्हणजे ‘चौरस भोक ड्रिल करणे’ व्याकरणातही बसतं आणि लोखंडातही.

शब्दवेडी: त्या चकाला ‘तरता चक’ म्हणावं.

लेथवाला: पाण्यात पडलाय काय? ‘सैल चक’ म्हणा.

तिकोनी_कानस: सैल लिहिलंत की पहिला हेल्पर पान्यानं आवळून ठेवेल. सूचनापत्रकात हा शब्द नकोच. ‘सरकता’ चालेल.

ब्रोचिंग_बाय_होटगी: मूळ काम ड्रिलचं नाहीच, डुलत्या ब्रोचचं आहे. तो स्पिंडलच्या (मशीनच्या फिरत्या दांड्याच्या) अक्षाला १ अंश कलता असतो, टोक मात्र बरोबर अक्षावर. कोपरे आळीपाळीनं दाबले जातात, म्हणून सरळ दाबण्यापेक्षा जोर कमी लागतो. आधीचं भोक १० पेक्षा थोडं मोठं घ्या, १०.२ वगैरे. तोंडाशी कर्णापेक्षा, म्हणजे १४.१ पेक्षा जरा मोठं चॅम्फर (तिरकी कड) द्या, नाहीतर ब्रोच पहिल्याच फेरीत घसरतो. टोक अक्षावरून सरकलं की भोक मोठं होतं. खोल भोकाला पीळ पडतो, तेव्हा निम्म्यात स्पिंडल उलटा फिरवा. तळ बंद असेल तर भोक जास्त खोल ठेवा, चिप्सना (धातूच्या किसाला) जागा हवी. ब्रोचला हवेचं भोक नसेल तर तेल अडकून मागं ढकलतं.

सूचनापत्रक: ‘डुलता ब्रोच’ छान. पण पुढचं क्रियापद?

शब्दवेडी: आधी ‘चौकोनी’ दुरुस्त करा. चार कोनांची कुठलीही आकृती चौकोनी. तुम्हाला चौरस हवाय.

लेथवाला: शॉपमध्ये १० बाय १२ लाही चौकोनी म्हणतात, १० बाय १० लाही. माप शेजारी लिहिलेलं असतं.

तिकोनी_कानस: आणि माप नसलेलं पत्रक हाती आलं की? मग शब्दालाच माप सांगावं लागतं. मी शब्दवेडींच्या बाजूनं.

चुरमुरे_चिवडा: ड्रिलला आपला जुना शब्द गिरमिट आहे की.

अडीचवाटी: जुना कसला, इंग्रजी गिम्लेटचा मराठी अवतार. सामता म्हणा.

चुरमुरे_चिवडा: सोलापुरात गिरमिट म्हटलं की निम्म्यांना हुबळी-धारवाडकडचे मसाला चुरमुरे आठवतात. त्यात सगळं घालून हातानं फिरवतात, नाव त्यावरूनच पडलं असणार.

शब्दवेडी: कशावरून? असं काही नाही.

सूचनापत्रक: अहो, ‘पाडा’ लिहू की ‘कोपरे काढा’? उद्या लॅमिनेशनला द्यायचंय.

लेथवाला: गिरमिटात कैरी घालतात का ओ, की लिंबू?