आरएक्सचं हेड: दोन गॅस्केटचा उपाय उलटा पडतो

कॉम्प्रेशन वाढवायला हेड (सिलिंडरचं झाकण) घासलेल्या यामाहा आरएक्स १०० ला साधं पेट्रोल चालावं म्हणून दोन हेड गॅस्केट (हेडखालची सीलची चकती) टाका, असं काही जण सुचवतात. कॉम्प्रेशन उतरतं, कबूल. पण पिस्टनची कडा आणि हेड यांच्यातली फटही वाढते. पेट्रोल-हवेचं मिश्रण मधे ढकलणारा दाब तिथेच जातो, कडेला उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि नॉकिंग (इंजिनातली ठकठक) तसंच राहतं. मी हे करून पिस्टन घालवलाय. कडा उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. नंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून हेडची फक्त मधली वाटी खोल करून घेतली, फट १ मिमीच्या आसपास ठेवली. ही फट मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत घाला (नाहीतर पिस्टन डुलतो आणि माप चुकतं), किक हातानं फिरवा, चपटलेलं टोक व्हर्नियरनं मोजा.

आणि जेटिंगबद्दल (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्राचं, म्हणजे जेटचं, माप ठरवणं) कुणीच बोलत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानानं इंधन कमी पडतं). सोलापूरच्या एप्रिलात तर इंजिन सीझ व्हायला (पिस्टन अडकायला) निमित्तच हवं. मेन जेट मोठा टाकून सुरुवात करा, प्लगचा रंग बघत खाली या.