हाताने रंगवलेलं सूत आणलंय, दोन लड्यांचा रंग जुळत नाही, काय करू?

क्रोशावेडी_सोलापूर
मी कायम मिलचं सूत वापरत आले, लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या घाण्याचा नंबर, सारखा बघून गुंडे घ्यायचे की झालं. परवा नवी पेठेत नेहमीच्या दुकानात गेले तर काकांनी आतून हाताने रंगवलेल्या कॉटनच्या लड्या काढल्या. डाळिंबी रंग, एकाच धाग्यात कुठे गडद कुठे फिका मधेच तांबूस, मला तिथून हलवेना! शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन घेतल्या. घरी उजेडात बघते तर एक लडी जरा जांभळट. आईसाठी शाल करायचीये, ती नेसते फिक्या रंगाच्या साड्या. मधोमध पट्टा दिसेल का? आणि रंग जाईल का?

टाका_साखळी
दोन लड्या तंतोतंत सारख्या येतच नाहीत गं, तेच त्याचं सौंदर्य आहे. दोन्ही एकदमच वापरायला घे, दोन ओळी हिच्या दोन ओळी तिच्या. दोनच का, तर दोन ओळींनी आपण परत त्याच कडेला येतो, धागा तोडावा लागत नाही, कडेने वर न्यायचा. फरक सगळ्या शालीत मुरून जातो. आणि डिझाईन साधं ठेव, एक सिंगल क्रोशे (साधा आखूड टाका) एक साखळी, पुढच्या ओळीत साखळीच्या जागेत सिंगल क्रोशे, यात रंगांचे ठिपके फार गोड पडतात. पॉपकॉर्नच्या फुगीर टाक्यांसारखं उठावाचं काम अशा सुतात हरवून जातं, मेहनत वाया. एकाच जागी रंगाचे डाग साचायला लागले तर दोनचार टाके कमीजास्त कर. आणि हो, लडीतून थेट विणू नकोस, आधी खुर्चीच्या पाठीवर चढवून गुंडा करून घे नाहीतर गुंता सोडवत बसशील.

पूर्वभाग_विणकर
ताई, आमच्या घरात चादरीचं सूत रंगवायचं काम होतं म्हणून सांगतो. कॉटनला बहुतेक रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिकरीत्या जोडले जाणारे, रंग देतात, मिठाने रंग धाग्याकडे ढकलला जातो आणि धुण्याच्या सोड्याने पक्का बसतो, पण थोडा रंग न चिकटता धाग्यात राहतोच आणि पाण्यात सुटतो तो हाच. हातभर धागा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा, डाग पडला तर विणायच्या आधीच लड्या धुवा. चार ठिकाणी सैल बांधून गरम पाण्यात, थोडा साबण, पाणी निवळ येईपर्यंत. रंगवून झाल्यावर मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो म्हणतात, कॉटनवर तसं काही होत नाही. वाळवा मात्र सावलीत, आपल्याकडचं ऊन रंग खातं.

रानरंग
दुकानात विचारा नैसर्गिक रंग आहे का. असेल तर गरम पाणी आणि सोडा लांब ठेवा, गार पाणी आणि रिठा. मी मंजिष्ठा आणि डाळिंबाच्या साली वापरते, सालींना आपल्या जिल्ह्यात काय तोटा! तुरटी लावलेल्या सुतावर सालीने पिवळा येतो, हिराकस (लोखंडाचा क्षार) घातला की राखाडी. निळीने (इंडिगोने) रंगवलेलं सूत विणताना बोटं निळी होतात, त्याला घाबरू नका, निळीचे कण धाग्यावर वरवर बसलेले असतात ते घासून येतात.

क्रोशावेडी_सोलापूर
सगळ्यांचे खूप आभार!! दुकानात फोन केला, रिॲक्टिव्हच आहे. फडकं चांगलं गुलाबी झालं म्हणून लड्या धुवायला काढल्यात. त्यांच्याकडे त्याच रंगाची अजून एक लडी आहे ती ठेवून घ्यायला सांगितलीये, शालीच्या झालरीला लागेलच. @टाका_साखळी, तीन लड्या फिरवायच्या असतील तर एकेक ओळ चालेल ना?

टाका_साखळी
हो, तीन असल्या की एकेक ओळच घे, उलटून आलं की हवा तो धागा त्या कडेला तयार असतो.